डिव्हिडंड आणि अण्णांचा प्रश्न

नांदेडच्या एका दुकानात काल कोऱ्या कापडाचा वास आला आणि मला औशातलं अण्णांचं, माझ्या वडिलांचं, कापडदुकान आठवलं. तेव्हा मी नोकरीत नवी होते. गादीवर बसून हौसेनं सांगत होते, "अण्णा, मी शेअर घेतेय. डिव्हिडंड घरखर्चाएवढा यायला लागला की नोकरी सोडणार."

हातातलं कापड तसंच ठेवून ते हळूच म्हणाले, "हापिसात कुणी तरास द्यायलंय का, माय?"

"न्हाई हो!" मी हसले. त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. यांना डिव्हिडंड कळलाच नाही, असं मला वाटलं.

आता अण्णा नाहीत. यंदा डिव्हिडंड घरखर्चाला पुरला. आज राजीनामा लिहायला बसले, कारणापाशी थांबले, आणि त्या दिवशी अण्णांना दिलेलं उत्तर खरं होतं का, हेच मला कळेना.