कृष्णाकाठच्या मळीत तंबूची जागा

ठाण्याहून भल्या पहाटे निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत दोन पॅडलबोर्ड, दोन तंबू आणि संजयचा उत्साह एवढंच सामान होतं. पॅडलबोर्ड म्हणजे हवा भरून टणक करायची लांब फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने संथ पाण्यावरून फिरायचं. माझा मित्र संजय पन्नाशीत या फळीच्या नादी लागला, बँकेतली नोकरी सोडली आणि आता त्याला शनिवार-रविवारची शिबिरं काढायची होती. त्यासाठी संथ पाणी हवं, काठावर तंबूपुरती सपाट जमीन हवी आणि ती जमीन द्यायला राजी असलेला माणूस हवा. सातारा-सांगलीकडे पाण्याला तोटा नाही, असं मीच त्याला सांगितलं होतं. माझ्या तोंडाने आजवर जे घोटाळे केले, त्यातला हा पहिलाही नव्हे आणि मोठाही नव्हे.

वाईच्या पुढे धरणाचं पाणी दिसलं आणि दोघांनाही गहिवरून आलं. काठाशी जाईपर्यंत गहिवर ओसरला. जिथे बघावं तिथे तारेचं कुंपण, आत हिरवळ, हिरवळीवर लाऊडस्पीकर आणि सकाळी दहाला नाचणारी माणसं. एका फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, इथे मोकळी जागा कुठे मिळेल?

"समदा काठ इकल्याला हाय," तो म्हणाला. "पानी तेवढं सरकारचं ऱ्हायलंय. त्ये बी बघून घ्या लवकर."

तिथून आम्ही पूर्वेकडे, खटाव तालुक्यात उतरलो. या बाजूला माळ, बोडके डोंगर, ज्वारी आणि मधेच एखादा आडदांड तलाव. येरळा नदीवरच्या अशाच एका तलावावर माणूस नव्हता, कुंपण नव्हतं. संजय लहान मुलासारखा खूश झाला. फळीत हवा भरली, उचलून पाण्याकडे धावला, आणि दहा पावलांवर फुस्स असा आवाज आला. काठभर बाभळीचे काटे पसरले होते.

वडूजला पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या रफीकभाईंनी ती फळी बाकड्यावर आडवी घातली आणि बराच वेळ तिच्याभोवती फिरले. "ह्यावर करता काय तुमी?"

"उभं राहून पाण्यावर जायचं," संजय म्हणाला.

"बसून जायला काय झालं?"

त्यांनी साबणाचं पाणी फासून बुडबुडे शोधले, तीन ठिगळं लावली आणि निघताना बजावलं, "तळ्याकडं नगा जाऊ परत. कृष्णंकडं जावा. तिकडं काटं न्हाईत." हा सल्ला आम्ही मानला.

इस्लामपूर मागे टाकून नदीकडे वळलो की दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर येतो. एका गावाखाली कृष्णेवर बंधारा आहे. पाऊस संपला की त्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि मागे मैलभर पाणी तुंबून राहतं. जानेवारी होता. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. काठाला लागून मळी (पुराच्या गाळाची जमीन) होती. तिच्यातला ऊस नुकताच तुटून गेला होता आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) वीतभर आला होता. बांधावर एक ताठ कण्याचे गृहस्थ खुरपं घेऊन बसले होते.

"कुठलं गाव म्हनायचं पावणं?"

हे सुभेदार नाना. सैन्यातून निवृत्त, गावात मान, मळीत तीस गुंठे आणि वर बागायत. आमचं काम त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदाही हसले नाहीत. असा माणूस आम्हाला तीन दिवसांत पहिल्यांदाच भेटत होता. बांधाजवळच्या करंजाखाली तंबू ठोकायला सांगून ते आम्हाला घरी जेवायला घेऊन गेले. ज्वारीच्या भाकऱ्या, अख्खा मसूर, खर्डा. नानांच्या पत्नी, सगळ्यांच्या मामी, पानात भाकरी संपू देईनात.

जेवताना नानांनी मनातलं सांगितलं. "दीपक आमचा एकुलता. पुण्यात गोदामात कामाला हाय. पुरात ऊस बसला तवा माझ्याशी भांडून गेला. उसात काय बी न्हाई म्हंतो. दोन वर्सं झाली, सणाला बी येत न्हाई. ह्ये तुमचं असलं काय तरी इथं झालं, तर त्याला सांगता येईल की. ये बाबा, ऊस नगं तर ह्ये बघ."

मामींनी तेवढ्यात माझ्या पानात आणखी मसूर वाढला. मी हो म्हणावं म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता आम्ही पाण्यात उतरलो. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाइतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. पाणी तलम, खंड्या पक्षी, वर कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर. परत वळलो तेव्हा घाटावर एक बाई घाईघाईने धुणं पिळत होती. आम्हाला बघून तिने हाक मारली.

"आवं पावणं, पल्याड चिंचंखाली जाऊ नगा हां. ऊन चढलं की येती ती वर."

"कोण येते?"

"मगर की. डोहात ऱ्हाती. काय करत न्हाई, लय जुनी हाय. आमी आपलं ऊन व्हायच्या आत धुणं उरकतो."

तिने हे दूधवाल्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी फळीवर मटकन बसलो आणि बसूनच काठापर्यंत आलो. रफीकभाई असते तर त्यांना बरं वाटलं असतं. चिंचेखालच्या चिखलात पोट घासत गेल्याची रुंद वाट होती. ती आदल्या दिवशीही तिथेच असणार.

संजय काठावर येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "संपलं. अनोळखी माणसं मी या पाण्यात उभी करणार नाही." त्याचं बरोबर होतं. आता फक्त नानांना तसं सांगायचं होतं.

नाना मळीत पावलं मोजत होते. "इथं सा तंबू. तिकडं संडास. गाड्या वर लावायच्या, चिखलात न्हाई आणायच्या." मग आमच्याकडे वळले. "कसं हाय पाणी?"

"पाणी एक नंबर," संजय म्हणाला.

"मग ठरलं?"

संजयने माझ्याकडे पाहिलं. मागे मामी शिदोरी घेऊन येत होत्या. मी म्हणालो, "ठरलंच समजा नाना. तारखा तेवढ्या कळवतो."

शब्द हेच होते. ते का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खाल्ल्या अन्नाची भीड, सकाळची वेळ, त्यांचा चेहरा. फोनवरून नंतर सांगू, असंही मनात होतं. आमच्याकडे याला भिडस्तपणा म्हणतात आणि तो सद्‌गुणात जमा करतात. मी भ्यालो होतो. मगरीला भ्यालो त्यापेक्षा जास्त.

पुढे कोयना धरणाच्या फुगवट्याकाठी, जावळीच्या अंगाला आम्हाला जागा मिळाली. डोंगर, धुकं, सगळं चित्रातल्यासारखं. मार्चमध्ये पहिलं शिबिर झालं आणि छान झालं. मधे नानांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी "बघतो, कळवतो" म्हटलं. तिसऱ्यांदा फोन आला नाही, फोटो आला. मळीतला खोडवा मोडलेला. रोलर फिरवून जमीन सपाट केलेली, वर मुरूम, कडेला पत्र्याचे दोन संडास. आणि कोपऱ्यात फावडं घेऊन उभा असलेला तिशीचा तरुण. खाली लिहिलं होतं, दीपक आला आहे.

"फोनवर सांगून टाक," संजय म्हणाला. मी म्हटलं, नाही, जाऊन सांगायचं. असं म्हणताना मला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटलं.

एप्रिलच्या उन्हात पोहोचलो. नाना पांढऱ्या सदऱ्यात बांधावर उभे होते. दीपक महिनाभराची बिनपगारी सुट्टी काढून आला होता. बापलेकांनी मिळून नदीकडे उतरायला दगडी पायऱ्या बांधल्या होत्या. त्या दाखवताना नाना मधेमधे दीपककडे बघत होते आणि दीपक "आबा, त्ये पाइपाचं सांगा की" अशी आठवण करून देत होता. त्या पायऱ्यांवर उभं राहून मी मगरीचं सांगितलं.

नाना हसले. "मगर? आवं, ती माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय! तिची येळ ठरल्याली असती. तुमच्या मानसांना सांगू की, ऊन व्हायच्या आत उतरा, भाईर या."

"शहरातली माणसं ऐकत नाहीत, नाना."

त्यांचं हसू थांबलं. "तुमाला कवा कळलं ह्ये?"

"त्याच दिवशी. सकाळी."

"मंजी ठरलं म्हनलासा, तवा ठावं हुतं."

"हो."

नाना नदीकडे वळले. मग म्हणाले, "मग तवाच सांगायचं हुतं की गड्या. खोडवा तरी ऱ्हायला असता."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दीपक फावडं टेकवून ऐकत होता. "आबा, मी काय म्हनलं हुतं तुमाला?" एवढंच बोलला आणि घरात गेला. दहा मिनिटांनी पाठीला बॅग लावून बाहेर आला. मामी मागून दारापर्यंत आल्या. "गाडी पुण्यावरनंच जानार न्हवं?" त्याने मला विचारलं. "मोकळीच हाय. मला सोडा."

मला नाही म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. नानांनी स्वतः मागचं दार उघडलं, बॅग आमच्या फळ्यांशेजारी नीट लावली आणि दार लागलं की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. आम्हाला कोणी चहा विचारला नाही.

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताना दीपकने विचारलं, "दुसरी जागा घावली का तुमाला?"

"मिळाली."

"चांगली हाय?"

"चांगली आहे."

तो पुण्याच्या वेशीवर उतरला आणि मागे न बघता गर्दीत गेला. आम्ही संध्याकाळी ठाण्याला पोहोचलो. निघालो होतो पाण्यावर उभं राहायला जागा शोधायला, आणि येताना एका घरातला माणूस उचलून पुण्याला टाकून आलो होतो.

शिबिरं जोरात चालू आहेत. येणारी मंडळी विचारतात, एवढी सुंदर जागा तुम्ही शोधलीत कशी? मी काहीतरी सांगतो. पावसाळ्यानंतर एकदा नानांचा फोन आला. पूर यंदा पायऱ्यांपर्यंतच आला म्हणाले. मी मळीत काय लावलं, असं विचारणार तेवढ्यात तेच म्हणाले, "पावणं, एक काम हुतं. दीपकनं नंबर बदललाय. नवा नंबर तुमच्याकडं हाय का?"