खिंडीपलीकडे नेलेल्या अस्थी

हे सांगायची मला लाज वाटते. ऐंशीच्या दशकात नाना, माझे वडील, गेले तेव्हा मी अमेरिकेतून घरी पोचेपर्यंत थोरल्या भावानं, दादानं, अग्नी देऊन टाकला होता. ऐन मे महिना, थांबणं शक्य नव्हतं. कळत असूनही मी भांडलो आणि बोलणं तोडलं. दुकान शून्यातून उभं केलेला, घासाघीस करून जिंकणारा माणूस मी. माघार घेणं मला येत नव्हतं.

पुढे दादानं ओळखीच्यांबरोबर तांब्याची लोटी पाठवली. थोड्या अस्थी त्यानं माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. घरात आणायच्या नाहीत म्हणून अमेरिकेत बॉथेल गावच्या घरी मी लोटी गॅरेजमध्ये टांगली. डोंगरात खिंडीपलीकडच्या एका निर्जन तळ्यात विसर्जन करायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "अहो, दादांना फोन तरी करा."

"त्यानं मला विचारलं होतं?"

"तुमच्याशी बोलायची सोय नाही."

मी एकटाच निघालो. खिंडीजवळ धुकं उतरलं, उरलेल्या बर्फावरून पाय घसरला आणि लोटी उतारावरून खाली गेली. मला उतरवेना. तिथेच बसून मी दत्तगुरूंशी सौदा करू लागलो: लोटी मिळू दे, अकरा गुरुवार उपास करीन. मग एकवीसवर आलो. तेवढ्यात खालून एक म्हातारा अमेरिकन धापा टाकत वर आला. हातात लोटी होती, तोंडाला बांधलेलं कापड जागच्या जागी.

"ही तुमची का?"

"हात लावू नका," मी ओरडलो.

त्यानं ती हळूच सपाट दगडावर ठेवली, टोपी काढली. "कोण आहेत?"

"माझे वडील."

"माफ करा, मला ठाऊक नव्हतं. बाकीची मंडळी तळ्यावर वाट बघतायत का?"

दादाचा निदान नाइलाज होता. मी मात्र हाताशी सगळा वेळ असताना त्याला वगळून निघालो होतो. जो माझ्यासाठी उतार चढून आला त्याच्यावर ओरडलो, आणि वर क्षमाही त्यानंच मागितली. मान खाली घालून मी त्याचे आभार मानले. धुकं विरलं तेव्हा तळं खाली स्पष्ट दिसत होतं, तरी मी परत फिरलो.

घरी येऊन फोन लावला. दादाला विसर्जनाचं सांगितलं. तो म्हणाला, "वेळ सांग. इथे आंघोळ करून बसतो."

पुढच्या रविवारी त्या गार पाण्यात मी अस्थी सोडल्या, तेव्हा तो तिकडे पाटावर बसला होता. तो म्हातारा कोण, हा वाद मी घालत नाही. माझा सौदा पुरा होण्याआधीच देणाऱ्यानं दिलं होतं, माझी लायकी न बघता. आता देवापुढे बसतो तेव्हा काही मागवत नाही; डोळे मात्र भरून येतात.