सारखाच धागा

त्याचं नाव मी विचारलंच नाही. भिवंडीच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर तो होता, कामतघरचा लूम कामगार. आधी जुलाब झाले, मग हातपाय बधिर होऊन लुळे पडले.

"डॉक्टर बोलले, जंतू आनि माज्या नसा दिसाला सारख्याच. अंगानं जंतू मारले, मग नसाच कुरतडल्या. लूमवर पन सारखे धागे असले का भलताच तुटतो. म्हनून मी डोळे मिटून बोटांनी ओळखायचो."

रोज सकाळी डोळे मिटून तो मला त्याचा लुळा हात उचलून त्याच्याच छातीवर ठेवायला लावायचा. "यो कोनाचा?" आणि स्वतःच म्हणायचा, "माजा न्हाय."

एकदा त्याच्या हाताला सलाईन होतं, म्हणून मी गुपचूप माझाच हात ठेवला.

त्याचा चेहरा उजळला. "यो माजा हाय!"

मला तो हात उचलवेना.