सहावा शुक्रवार

रफअत मिस्त्रीला इर्बिदला येऊन सहा आठवडे होत आले, तरी माणसाला बुडू न देणारा तो समुद्र त्याने अजून पाहिला नव्हता. दोन तासांची तर वाट. चाळीस दिवसांत दोन तासांची वाट ज्याला कापता येत नाही, त्याने दोष रस्त्याला देऊ नये. दोष माणसांचा होता, आणि त्यातही मोठा वाटा मिस्त्रीच्या स्वतःच्या जिभेचा.

हा इजिप्तमधल्या महल्ला गावचा, मागांचा मिस्त्री, वय चोपन्न. परदेशातल्या इर्बिदच्या कापड गिरणीतले जुने माग दुरुस्त करायला मालकाने त्याला उन्हाळ्यापुरता धाडला, तेव्हा बायकोने साबण आणायला सांगितला आणि मुलीने फोटो. स्वतःला काय हवंय ते तो कुणाला बोलला नाही. त्याला एकदा पाण्यावर पडायचं होतं. तो नऊ वर्षांचा असताना थोरला भाऊ शौकी घरामागच्या कालव्यात बुडाला. त्याच दिवशी आईने याला शपथ घातली, पाण्यात पाय घालायचा नाही. त्याने ती पाळली. बरोबरीची पोरं कालव्यात उड्या मारायची, आणि हा काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचा. गेल्या हिवाळ्यात आई गेली. जिथे कुणी बुडूच शकत नाही तिथे आईचीही हरकत नसती, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

पण सुटीचा दिवस एकच, शुक्रवार. पहिला शुक्रवार मुकादमाच्या घरी जेवणात गेला, दुसरा मुकादमाच्या सासुरवाडीला. तिसऱ्या शुक्रवारी कुणाचं तरी लग्न, चौथ्याला त्याच नवरदेवाच्या आजोबांचं दुखवट्याचं जेवण. पाचव्याला तर कुणाकडे जेवला हेही त्याला धड आठवत नव्हतं. नको म्हटलं की ही माणसं रुसतात, हो म्हटलं की दुप्पट वाढतात. सगळीकडे तीच भाताची परात, वर मटण, त्यावर आंबट दह्याचा रस्सा, आणि "तुम्ही तर काही खाल्लंच नाही" हे पालुपद. पोट सुटलं, समुद्र राहिला.

"समुद्र कुठे पळून चाललाय, मिस्त्री?" मुकादम हसून म्हणायचा.

"समुद्र नाही, मी चाललोय. सहावा शुक्रवार झाला की शनिवारी पहाटे विमान आहे," मिस्त्री दात आवळून सांगायचा.

सहाव्या शुक्रवारी सकाळी सातलाच त्याने टॅक्सी दारात आणली. यावेळी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा बेत पक्का होता. पण फाटकापाशी घरमालक अबू हायल द्राक्षाच्या वेलाला पाणी घालत होता. समोर माणूस दिसल्यावर "चला ना आमच्याबरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जाणं महल्ल्यात अगदीच वाईट दिसतं. ते नुसतं म्हणायचं असतं. समोरच्याने छातीवर हात ठेवून "नको नको, तुम्ही या जाऊन" म्हणायचं, की दोघंही मोकळे. नावाडी भर प्रवाहातल्या नावेतून काठावरच्यांना जेवायला बोलावतो, तितकंच ते खरं.

"कुठे निघालात?" अबू हायलने विचारलं.

"मृत समुद्रावर. चला ना आमच्याबरोबर," मिस्त्री बोलून गेला.

अबू हायलने नळ बंद केला. "पाहुण्याने एवढ्या प्रेमाने बोलावल्यावर नाही कसं म्हणू? आई! मिस्त्री आपल्याला समुद्रावर नेतायत, तयार हो."

इकडच्या माणसाला तोंडदेखलं बोलावणं कळत नाही, हे सहा आठवडे खाऊनही मिस्त्रीच्या डोक्यात शिरलं नव्हतं. अबू हायलने टॅक्सीवाल्याला परस्पर परत धाडलं. "माझी गाडी असताना भाड्याची कशाला? लाजवता काय आम्हाला?"

हज्जा, म्हणजे अबू हायलची ऐंशीची आई, दहाला तयार झाली. आणि गाडी निघाली ती सल्त गावाच्या दिशेने.

"सल्तला चुलतभाऊ आहे," अबू हायल म्हणाला. "वाटेत नुसता सलाम करू. नाहीतर जन्मभर बोल लावेल."

सलाम करायला गेले तर बकरा कापून तयार. जुम्म्याची नमाज, मग परात, मग चहा, मग कॉफी. पुरे झालं हे कळावं म्हणून कप हलवायचा असतो. मिस्त्रीने तो पहिल्याच घोटानंतर असा हलवला की थेंब चुलतभावाच्या सदऱ्यावर उडाले. मग टरबूज आलं. मग हज्जा जरा आडवी झाली. मिस्त्री दर पाच मिनिटांनी खिडकीतून ऊन बघत होता, आणि त्याला या सगळ्या भल्या माणसांचा इतका संताप आला होता की रडू फुटेल असं वाटत होतं. शिव्या द्याव्यात तर देणार कुणाला? यांचं चुकलं काय, तर जेवू घातलं.

समुद्रावर पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. रखवालदार किनाऱ्याच्या फाटकाला साखळी घालत होता.

"बंद झालं, काका. अंधार पडल्यावर पाण्यात कुणाला सोडत नाही."

"मी उद्या पहाटे जातोय. सहा आठवडे झाले यायला धडपडतोय."

"उद्या नाही तर पुढच्या वर्षी या," रखवालदार छातीवर हात ठेवून म्हणाला. "केव्हाही या. जागा तुमचीच आहे."

मिस्त्री थांबला. जन्मभर त्याने असली वाक्यं मान लववून परत केली होती.

"माझीच?" त्याने विचारलं.

"तुमचीच हो. हे काय विचारणं झालं?"

"मग सर बाजूला."

रखवालदाराने साखळी घट्ट धरली. "अहो, ते बोलायचं असतं..."

"बोललास ना?" गाडीतून हज्जाचा आवाज आला. "पाहुण्याला दिलेला शब्द परत घेतोस? कुणाचा रे तू?"

रखवालदाराने एकदा अबू हायलकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि साखळी काढली. "पाच मिनिटं. आणि कमरेच्या पुढे नाही," म्हणत तो बॅटरी घेऊन मागोमाग गेला.

मिस्त्रीने सदरा, विजार उतरवून अबू हायलच्या हातात कोंबली आणि चड्डी-बनियनवर पाण्यात शिरला. पाणी कोमट, तेलकट लागलं. कमरेपर्यंत गेल्यावर डोळे मिटून त्याने अंग मागे टाकलं, तर पाय आपोआप वर आले.

एवढंच? त्याला सगळ्यात आधी रागच आला. हे पाणी ओठाला लावता येत नव्हतं, पण माणसाला खाली जाऊ देत नव्हतं. कालव्याचं पाणी गोड होतं, सगळं गाव ते प्यायचं, आणि त्याने शौकीला वर येऊ दिलं नाही.

"मिस्त्री, झाली पाच मिनिटं," रखवालदार म्हणाला.

"या आता," अबू हायलने हाक दिली. "सल्तला ताटं मांडून बसलेत, जेवूनच पुढे जाऊ."

मिस्त्रीचे कान पाण्यात होते. ऐकू आलं असतं तरी तो उठला नसता. काठावर अबू हायल त्याचे कपडे सांभाळत उभा होता.