रिकाम्या ग्रामसभेत मी एकटी

मंडळी, माझ्या पीएचडीचा सिद्धांत आहे नवसंस्थावाद. कोणी विचारलं तर सोप्यात सांगते: संस्था कागदावरच्या नियमांपेक्षा लोकांच्या अंगवळणी पडलेल्या, कुठेच न लिहिलेल्या नियमांवर चालते.

आज कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावची ग्रामसभा होती. अकराला वही घेऊन गेले. सतरंजी अंथरलेली, पण माणूस एक नाही. तासाभराने शिपाई वामनकाका रजिस्टर घेऊन आले.

"काका, सभा कवा हाये?"

"झाली न. घरोघरी जाऊन सह्या घेतल्या."

मी खूश! माझा सिद्धांत समोर उभा होता. घाईघाईने टिपून घेतलं. मग सहज विचारलं, "आमच्या घरी नाही आले?"

"घरच्या मानसाची सही घेतो आमी. तुहे बाबा होते तवा येत होतो. आता तुह्या घरी कोनी नाही न."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात मी राहते. रोज दिवा मीच लावते.

काकांचं ते वाक्य मात्र मला वहीत लिहिता आलं नाही.

तुमच्या गावातही असे न लिहिलेले नियम असतीलच. त्यांच्या हिशेबी तुम्ही घरात असता का हो?