ओट्यावरचा उजेड वरच्या मजल्यावर

जळगावच्या सराफ बाजारात दागिना पसंत पडला तरी व्यवहार लगेच होत नाही. गिऱ्हाईक तो हातात घेऊन दुकानाच्या ओट्यावर येतं, उघड्या उजेडात फिरवून पाहतं आणि मग आत जाऊन बोलणी सुरू करतं. दुकानदार अडवत नाही. एक नोकर सोबत येऊन उभा राहतो, एवढंच.

आमच्याकडे आलेल्या शेठचं दुकान तळमजल्यावर होतं. घराणं मूळ राजस्थानचं, पण कित्येक पिढ्या इथलंच झालेलं. धंदा वाढला तसा त्यांनी वरचा मजला घेतला. तिथे खिडकी नव्हती. त्यांची भीती त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली. "वर दागिना एका रंगाचा आणि खाली ओट्यावर दुसऱ्या रंगाचा दिसला, तर गिऱ्हाईक भांडत नाही. दागिना ठेवतं आणि शेजारच्या दुकानात जातं."

प्रकाशयोजना हे माझ्या धाकट्या बहिणीचं काम. धुळ्यात तिचं छोटं कार्यालय आहे. वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यापासून तिथली खरेदी आणि पत्रव्यवहार मी पाहतो. शाळा, गोदामं, सभागृहं यांसाठी ती एक मोफत सॉफ्टवेअर वापरत होती. कोणत्या टेबलावर किती उजेड पडेल, हे ते नेमकं सांगतं. सोन्याचा रंग कसा दिसेल, हे त्याला विचारता येत नाही. नवं घ्यावं लागणार होतं आणि समोर दोन पर्याय होते.

पहिल्याची चित्रं अगदी फोटोसारखी. बहिणीने त्यात वरचा मजला उभा केला, तयार यादीतून 'सोनं' उचललं आणि शेठना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बेटा, तुझ्या कॉम्प्युटरमधलं सोनं फार गोरं आहे. हे कुणी पोरीच्या लग्नात घालणार नाही."

चूक उघड होती. यादीतलं सोनं परदेशी बाजारात चालणारं, फिकं. इथे लागतं ते बावीस कॅरेटचं, पिवळंजर्द. शिवाय ते सॉफ्टवेअर प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच आकड्यांत बसवत होतं. दुसरं सॉफ्टवेअर दिसायला रूक्ष. चित्रं कमी, आलेख जास्त, आणि प्रत्येक उत्तराला भरपूर वेळ. पण ते प्रकाशाची ऊर्जा जांभळ्यापासून लालपर्यंत, तरंगलांबीनुसार वेगवेगळी धरत होतं.

दोन्ही कंपन्यांच्या विक्रेत्यांनी ऑनलाइन प्रात्यक्षिकं दाखवली. दोन्ही छान झाली. प्रात्यक्षिकं छानच होतात. वर्तमानपत्रात नव्या बातमीदाराला पारखायची एक रीत होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न त्याच्याकडे सोपवायचा. तीच रीत इथे लावायचं ठरलं.

बाजारातून पांढऱ्या उजेडाचे दोन दिवे आणले. कोऱ्या कागदावर दोघांचा उजेड सारखाच. शेठच्या दुकानातली सोन्याची पाटली मात्र एकाखाली हिरवट, मलूल दिसे आणि दुसऱ्याखाली ओट्यावर दिसते तशी. डोळ्यांना दिसलेला हा फरक मोजण्यासाठी एका महाविद्यालयातून वर्णपट मोजणारं यंत्र मागून आणलं. सोनं दुकानाबाहेर न्यायला शेठ तयार नव्हते, म्हणून यंत्रच दुकानात गेलं. मोजणीआधी त्यांनी पाटली काट्यावर ठेवली. मोजणी झाल्यावर पुन्हा ठेवली.

"काका, उजेडाने वजन घटत नाही," बहीण म्हणाली.

"ठाऊक आहे. माझे वडील माझ्या हातून घेतानाही वजन करायचे."

पाटलीची आणि दिव्यांची माहिती दोन्ही सॉफ्टवेअरना दिली. पहिल्याने दोन्ही दिव्यांखाली एकच सोनं रंगवलं. दुसऱ्याने फरक दाखवला आणि तो यंत्राशी जुळला. दुसरं घेतलं. त्यातली चित्रं पाहून आजही कुणी वाहवा करत नाही.

एक अडचण उरली. सगळ्या गल्लीत सोन्यावर पिवळा उजेड टाकतात, आणि शेठनाही तोच हवा होता.

"पिवळ्यात माल उठून दिसतो."

"वर उठून दिसेल, काका. खाली गेल्यावर उतरेल." बहिणीने नव्या सॉफ्टवेअरमधून काढलेले रंगाचे दोन चौकोन शेजारी ठेवले. तीच पाटली, पिवळ्या दिव्याखाली आणि ओट्यावर.

शेठनी दोन्ही चौकोनांवर आळीपाळीने बोट ठेवलं. "लाव तुझा पांढरा. पण गिऱ्हाईक परत गेलं तर फोन तुलाच करीन."

वरचा मजला सुरू झाला त्या दिवशी आम्ही दोघं तिथे होतो. पारोळ्याकडच्या एक अक्का सुनेसाठी काळ्या मण्यांची पोत पाहत होत्या. एक आवडली. ती घेऊन त्या उठल्या.

"भाऊ, मी खाले जाईसन देखी येस."

"जा ना, अक्का." शेठनी नोकराला खूण केली. त्यानंतर ते जिन्याकडे पाहत बसले. बहीण काचेवरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसत राहिली.

अक्का वर आल्या, टेकल्या, पोत गादीवर ठेवली.

"बठ्ठं काम चांगलं शे, पन कडी ढिल्ली शे," त्या म्हणाल्या. "ती बदली द्या, मंग बोलूत."

रंगाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. शेठनी कारागिराला हाक मारली आणि चहा सांगितला, आमच्यासाठीही.