होटगी रोडचा चौक आणि बाहेरचा बाक

रज्जाकचाचांचं नाव आधी लिहितो. ते नसते तर मी केव्हाच गोंदियाला परतून धानाच्या बांधीत उभा असतो.

त्या दुपारी ते माझं लॉगबुक उघडून बसले होते. मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. नववी नापास पोरगा पायलट झाला, हे आई अजून गावभर सांगते. प्रत्येक फेरीचे किलोमीटर लॉगबुकात लिहावे लागतात.

चाचा आमच्यातले सगळ्यांत जुने पायलट. मी गोंदियाच्या झाडीपट्टीतला, म्हणून मला झाडीवाले म्हणायचे. म्हणाले, "काय रे झाडीवाले, होटगी रोडचा पेशंट असला की तुझे तीन किलोमीटर जास्त. पेशंटला सोलापूर दाखवतो काय?"

"ट्रॅफिक असते जी."

"दुपारी दोनला? तवा हितं कुत्रंबी सावली सोडत न्हाय."

खरं कारण वेगळं होतं. महिन्यापूर्वी त्या रोडच्या एका चौकातून आम्ही एका शाळकरी मुलीला उचललं होतं. मागून ती विचारत होती, "काका, अजून किती लांब?" मी म्हणत होतो, "आलंच." दवाखान्यात पोचलो तेव्हा ती विचारायची थांबली होती. तेव्हापासून तो चौक जवळ आला की माझे हात स्टेअरिंग गल्लीत वळवायचे.

अशा केसनंतर बोलायला कंपनीने काउन्सेलिंग सुरू केलं होतं. सहा बैठका, फी कंपनीची. फॉर्म आला तेव्हा मी 'गरज नाही' लिहून दिलं होतं. फी कंपनी भरणार म्हणजे रिपोर्टही कंपनीलाच जाणार. स्टेअरिंग काढून घेतलं तर या परक्या गावात मी करणार काय?

चाचांना हे सांगितलं. त्यांनी लॉगबुक मिटलं. "आन् त्या तीन किलोमीटरमदी कुणी गेलं तर? गुरुवारी चल. मी भाईर बसतो."

काउन्सेलर येमुल मॅडम. त्यांच्यासमोर बसलो आणि घाबरून रोजच्या गाडी-तपासणीसारखं बोलून टाकलं, "झोप ओके, जेवण ओके, ड्यूटी ओके."

"गाडी झाली," मॅडम म्हणाल्या. "आता पायलट."

मी आधी रिपोर्टचं विचारलं. त्यांनी ऑफिसला जाणारा कागद पुढे ठेवला. मी सावकाश, दोनदा वाचला. एम्प्लॉयी नंबर, तारीख, सही. बस. मग मी त्या 'आलंच'बद्दल बोललो. बाहेर आलो तर चाचा बाकावर बसल्या बसल्या घोरत होते.

तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी गृहपाठ दिला. चौकात पायी जायचं, थांबायचं, परत यायचं. चाचा सोबत आले. कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा त्यांना अजिबात आवडला नाही, तरी आम्ही तो चार वेळा प्यालो. मग मोटरसायकलवरून गेलो. मग रिकाम्या अ‍ॅम्ब्युलन्समधून.

आणि एका सकाळी होटगी रोडचा कॉल आला. बाळंतपणाची केस. मागे डॉक्टर, पेशंट आणि तिची सासू. चौक समोर दिसला. हात गल्लीकडे वळायला लागले. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "आरं लेकरा, आजून किती लांब हाय?"

'आलंच' तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं. "सहा मिनिटं, मावशी," म्हणालो आणि सरळ गेलो.

"मग जरा हळू की. माजी पानाची पिशवी सांडली."

सहाची सात मिनिटं झाली. लेबर रूमच्या दारात स्ट्रेचर पोचलं आणि थोड्याच वेळात आत बाळ रडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अजून पाच मिनिटं लागली असती तर अवघड होतं. मावशींनी मला एक पान लावून दिलं. मी पान खात नाही. ते खाल्लं.

त्या दिवशी लॉगबुकात सरळ रस्त्याचे तेवढेच किलोमीटर लिहिले. चाचांनी पाहिले आणि पान उलटलं. एवढ्या प्रकारातून मी शिकलो ते एवढंच, की 'गरज नाही' लिहिण्याआधी आपलं लॉगबुक एकदा दुसऱ्याला वाचायला द्यावं.

चाचांच्या स्वतःच्या सहा बैठका अजून तशाच आहेत. तीस वर्षं त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सच चालवली आहे. विचारलं की म्हणतात, "मला काय झालंय?" मी त्यांचंही लॉगबुक वाचायला सुरुवात केली आहे. ज्या गुरुवारी ते आत जातील, त्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर मी बसेन. आणि झोपणार नाही.